कूड, भिंत आणि इमला : मुळशी खोऱ्यातील कुळांची कारवीची घरे

(१)

पुण्याहून पश्चिमेस पौडकडे जाणाऱ्या वाटेवर भूगाव ओलांडले की भुकूम लागते. पुढे पिरंगुट, तालुक्याचे ठाणे पौड आणि त्यापलीकडे मुळशीचा जलाशय असा क्रम आहे. भुकूमच्या हद्दीतील खाटपेवाडीजवळ उगम पावणारी राम नदी मात्र उलट, पूर्वेकडे, बावधन-पाषाणच्या दिशेने वाहते. म्हणजे हे गाव देश आणि मावळ या दोन प्रदेशांच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. पुणे शहरी वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर भुकूमपासून पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या ताम्हिणीच्या परिसरात तो ५,००० मिलिमीटरांच्या पुढे जातो. इतक्या थोड्या अंतरात पावसाचे मान इतके पालटत असल्यामुळे पीक पालटते आणि घरही पालटते.

देशावरील जुने घर पांढऱ्या मातीचे आणि सपाट धाब्याचे, तर मावळातील जुने घर उतरत्या छपराचे आणि कारवीच्या कुडाचे. या भेदाचे कारण हवामान होय, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. एकाच मावळी गावात, एकाच पावसाखाली, घडीव दगडाच्या जोत्यावरील वाडा आणि त्याच्याच जमिनी कसणाऱ्या कुळाचे कारवीचे घर शेजारी शेजारी उभे राहत आले. पाऊस दोघांवर सारखाच पडत असता एकाने दगड व वीट वापरावी आणि दुसऱ्याने झुडपाच्या काठ्या वापराव्यात, याचा उलगडा केवळ हवामानाने होत नाही. तो जमीनधारणेच्या इतिहासात शोधावा लागतो, आणि त्या इतिहासाचे काही दुवे घरबांधणीच्या शब्दांत जपले गेले आहेत. त्या शब्दांच्या आधाराने कुळाच्या घराचे स्वरूप आणि त्यावरील हक्क यांचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

प्रथम दोन शब्दांकडे पाहू. मराठीत ‘भिंत’ आणि ‘कूड’ हे दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले आहेत. पहिला ‘भित्ति’पासून, दुसरा ‘कुड्य’पासून. संस्कृतात दोहोंचाही अर्थ भिंत असाच होतो. मराठीने मात्र त्यांची वाटणी केली. दगड, वीट किंवा माती यांची ती भिंत आणि काठ्या उभ्या करून त्यांवर लिंपण केलेला तो कूड. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, कूड शब्दाचा हा विशिष्ट अर्थ नोंदलेला आढळतो.

या वाटणीत एक विलक्षण उलटापालट झालेली आहे. ‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’ या धातूपासून, म्हणजे फोडणे, चिरणे या अर्थापासून झाला आहे, आणि चिरलेल्या वेतांची चटई असाही त्याचा एक अर्थ संस्कृत कोशांत दिलेला आहे. म्हणजे भिंतीचे मूळ चिरलेल्या बोरूबांबूच्या आडोशात असावे असे दिसते. तो शब्द पुढे दगडाला जाऊन चिकटला, आणि सामान्य भिंतीचा वाचक असलेला ‘कुड्य’ शब्द काठ्यांच्या आडोशापुरता उरला. एक शब्द वर चढला व दुसरा खाली उतरला. शब्दांच्या अर्थाची अशी प्रतवारी बोलणाऱ्या समाजातील प्रतवारीवाचून सहसा होत नाही. ज्याच्या घराला भिंत तो एक, आणि ज्याच्या घराला कूड तो दुसरा, हा भेद भाषेने नोंदवून ठेवला आहे.

कुडाचे घर ज्या सांगाड्यावर उभे राहते त्याचे शब्दही लक्षात घेण्याजोगे आहेत. जमिनीत रोवलेला, माथ्याशी बेचके असलेला खांब ती मेढ. दोन मेढींवरून जाणारे माथ्याचे लाकूड ते आढे, आणि आढ्यावरून दोन्ही अंगांस उतरणारे ते वासे. याच मेढीपासून ‘मेढेकोट’ हा शब्द सिद्ध झाला. लाकडे रोवून केलेला तात्पुरता कोट असा त्याचा मराठ्यांच्या इतिहासातील अर्थ परिचित आहे. घराची आणि तटबंदीची कारागिरी येथे एकच होती. ‘शाकारणे’ हे क्रियापद तर गवती छपराला आणि कौलांना सारखेच लागते, कारण पावसाळ्यापूर्वी छप्पर नव्याने नीट करण्याचे काम दोहोंतही चुकत नाही.

याउलट देशावरील घराची परिभाषा मातीची आहे. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात प्रसिद्ध आहे. तेथे गाव आणि घराची माती यांचे नाव एकच झाले, आणि मातीचे घर मोडले तरी त्याची माती पांढरीतच मिसळते. मावळातील कुडाच्या घराचे तसे नाही. ते मोडून, त्याची मेढी-आढी खांद्यावर घेऊन, माणूस दुसऱ्या वाडीला जाऊ शकतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

(३)

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारे झुडूप होय. वनस्पतिशास्त्रात ते दीर्घकाळ स्ट्रोबिलँथिस कॅलोसा या नावाने ओळखले जात आले. १९४४ साली ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने त्याला स्वतंत्र प्रजातीत घातले व तिला ‘कार्विया’ असे नाव दिले. सह्याद्रीतील लोकांच्या तोंडचा शब्द असा शास्त्राच्या लॅटिन परिभाषेत जाऊन बसला. या झुडपाचे वैशिष्ट्य असे की ते सात-आठ वर्षे नुसते वाढत राहते, मग एकाच वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळ्या फुलांनी भरून जातो, बी धरते आणि सारी झुडपे मरून जातात. मुंबईजवळील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ या वर्षी असा सार्वत्रिक बहर आला होता.

कारवीची काठी सरळ, बारीक आणि पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढते. ती वजन पेलू शकत नाही, परंतु कुडाला वजन पेलावयाचेच नसते. छपराचा सारा भार मेढी, आढे आणि वासे घेतात. कूड फक्त वारा, पाऊस आणि जनावर अडवितो. दोन मेढींमध्ये बांबूच्या चिरफळ्या आडव्या बांधावयाच्या, त्यांना कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या आवळावयाच्या आणि आतून-बाहेरून माती, शेण व भाताचे तूस यांचे लिंपण द्यावयाचे, अशी ही रीत आहे. काठ्यांमधल्या फटींत लिंपण शिरून घट्ट धरते. पावसाच्या माऱ्याने ते बाहेरून झडते, म्हणून माऱ्याच्या बाजूस गवताचा आडोसा बांधतात आणि पाऊस सरला की स्त्रिया नव्याने लिंपून सारवून घेतात.

या रचनेचे तीन परिणाम होतात. एक, कूड कुजला तरी घर पडत नाही. तेवढा कूड काढून नवा घालता येतो. दोन, बांधकामाला गवंडी लागत नाही. शेजारपाजारच्या हातांवर घर उभे राहते. तीन, घराचा खर्च पैशांत जवळजवळ होतच नाही, तो श्रमांत होतो. कारवी, माती, शेण व पेंढा यांपैकी काहीही विकत आणावयाचे नव्हते. खर्च लाकडाचा, आणि तेही जवळच्या रानातले ऐन किंवा जांभळीचे असे. म्हणून घरातील मोलाची वस्तू म्हणजे मेढी, आढे आणि वासे.

नेमक्या याच गोष्टीला मराठीत ‘इमला’ असा शब्द आहे. जागेहून निराळे असे घराचे बांधकाम आणि त्याचे सामान, हा त्याचा अर्थ. जागा एकाची आणि इमला दुसऱ्याचा, ही कल्पना मराठी व्यवहारात इतकी मुरलेली आहे की खरेदीखतांत आणि ग्रामपंचायतींच्या नोंदींत ती सहज येते. या शब्दाचे कायमचे स्थान पाहता जागा व घर यांच्या मालकीची फारकत हा येथील नित्याचा अनुभव होता, असे म्हणावयास हरकत नाही.

(४)

ही फारकत जुनी आहे. पेशवाईअखेरच्या महाराष्ट्रात जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात या दोन वर्गांचे विवेचन आहे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा होता आणि गावातील त्याची जागा त्या हक्काचाच भाग होती. उपरी हा नावाप्रमाणेच उपरा, बाहेरून आलेला. तो करारावर जमीन कसे आणि करार संपला की त्याला दुसरीकडे जावे लागे. ज्याला उद्या उठावे लागणार त्याने दगडाचे जोते कशाला घालावे? त्याला असे घर हवे की जे थोड्या दिवसांत उभे राहील आणि उठताना बरोबर नेता येईल. कारवीचे घर ही गरज भागविते.

इंग्रजी अमलात जमाबंदी झाली आणि जमीन तारण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी वस्तू बनली. त्यानंतर सावकारी कर्जापायी दख्खनेतील अनेक शेतकरी आपल्याच जमिनीवर कुळे झाले. सुपे येथे १८७५ च्या मे महिन्यात सुरू झालेले दंगे आणि त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा हे या प्रक्रियेचे परिचित टप्पे होत. मुळशी खोऱ्यातील पुष्कळशी जमीन विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातील सावकारांच्या नावे झालेली होती. कसणारा मावळा मात्र तेथेच राहिला. मिरासदाराचा वंशज आता व्यवहारात उपऱ्याच्या पातळीवर आला.

सावकाराच्या जप्तीतून शेतकऱ्याचे घर कितपत सुटावे, हा प्रश्न त्या काळच्या कायद्यासमोर आला. त्याचे उत्तर कायद्याने कोणत्या शब्दांत दिले हे पाहणे उद्बोधक आहे. १८८२ च्या दिवाणी व्यवहार संहितेने शेतकऱ्याच्या राहत्या घराचे ‘सामान’ जप्तीतून वगळले. म्हणजे कायद्याने पहिल्याने ओळखला तो इमलाच. १९०८ च्या संहितेत ही सवलत वाढवून घर, त्याचे सामान, त्याची जागा आणि लगतची आवश्यक जमीन अशी करण्यात आली. परंतु हे सारे त्या शेतकऱ्याच्याच मालकीचे असले पाहिजे, ही अट होती. ज्याचे घर जमीनमालकाच्या जागेवर उभे होते, त्या कुळाला या वाढीव सवलतीतील जागेचा भाग निरुपयोगी होता. त्याच्या हाती इमला तेवढा राहिला.

(५)

इमल्यापुरता हक्क टिकावयाचा, तर सामान मिळत राहिले पाहिजे. तेथेही अडचण उत्पन्न झाली. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले निर्माण झाली आणि पूर्वी रीत म्हणून चालणाऱ्या तोडीला परवानगीचे व सवलतीचे रूप आले. सह्याद्रीच्या भातशेतीला राबासाठी डहाळ्या लागतात, आणि त्याच डोंगरावर घराचे लाकूड व कारवी असते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. घाटमाथ्यावरील मावळाची शेती आणि घरे त्याच स्वरूपाची असल्याने प्रश्नाचे स्वरूपही निराळे नव्हते.

कारवी हे इमारती लाकूड नव्हे, त्यामुळे तिला बाजारात विशेष किंमत नव्हती. सागवानाला सरकारी मूल्य होते. कारवीचे मूल्य तिचा उपयोग करणाऱ्यापुरते होते. हेच तिचे बळ ठरले. मोलाचे लाकूड आवाक्याबाहेर गेल्यावर घराचा जितका भाग कारवीवर भागवता येईल तितका भागवण्याकडे गरिबाचा कल असणे स्वाभाविक होते. कारवीच्या घराला ‘परंपरागत’ म्हणताना हे लक्षात ठेवले पाहिजे की परंपरेतही निवडीला वाव कमी-अधिक होत असतो, आणि कुळाच्या बाबतीत तो कमी कमी होत गेला.

(६)

या सर्व गोष्टींची कसोटी मुळशीच्या धरणाने घेतली. निळा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या वीज प्रकल्पासाठी धरण बांधण्यास सुरुवात झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी ज्यामुळे मिळाली तो हाच लढा. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव हे त्यातील इतर अग्रणी. सुमारे पन्नास गावांचा प्रश्न होता. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यातून सावकार जमीनमालक आणि कसणारे मावळे यांच्या हितसंबंधांतील भेद स्पष्ट झाला आहे. सावकाराला भरपाईची रक्कम किती, हा प्रश्न होता. मावळ्याला जमीन राहते की जाते, हा प्रश्न होता.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये भरपाई मिळे ती मुख्यतः मालकीच्या आधारावर आणि बाजारभावाच्या हिशेबाने. या दोन्ही मापांनी कारवीचे घर जवळजवळ शून्य भरे. ज्या सामानाला बाजार नाही त्याला बाजारभाव कोठून येणार? वर्षानुवर्षांचे लिंपण, शेजाऱ्यांचे हात, आठ वर्षांच्या अंतराने येणारी डोंगरभर कारवी, यांची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते. म्हणूनच सत्याग्रहाची प्रतिज्ञा जमिनीच्या नावाने झाली, घराच्या नावाने झाली नाही. इमला उचलून नेता येईल, परंतु जेथे तो पुन्हा उभारावयाचा ती जागा आणि ज्यातून त्याचे सामान मिळवावयाचे तो डोंगर उचलून नेता येत नाही, हे मावळ्याला कायद्याच्या पंडितांहून अधिक स्पष्ट दिसत होते. लढा अपयशी ठरला आणि १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले.

(७)

इतर देशांतील एका उदाहरणाशी तुलना केल्यास मुळशीच्या घराचे वेगळेपण अधिक स्पष्ट होईल. इंग्लंडातील मोठ्या जमीनदारांनी आपल्या मजुरांसाठी घरे बांधली, ती स्थानिक मालाचीच असत. डॉर्सेट परगण्यातील मिल्टन ॲबस या गावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपल्या हवेलीच्या दृष्टिपथात येणारे जुने बाजारगाव लॉर्ड मिल्टन या उमरावाने हटविले आणि १७८० च्या सुमारास थोड्या अंतरावर एकसारख्या घरांची नवी वसाहत वसविली. त्या घरांच्या भिंती माती व पेंढा तुडवून केलेल्या आणि छपरे गवताची होती. साहित्य पाहिले तर ते मावळच्या लिंपणाहून फार दूरचे नाही.

परंतु तेथे घर मालकाने बांधले, नकाशा मालकाचा, एकसारखेपणाही मालकाच्या आवडीचा, आणि जागा व घर ही दोन्ही मालकाचीच राहिली. मजूर हा त्या घराचा केवळ रहिवासी होता. मुळशीत मालकाने कुळासाठी घर बांधण्याची चालच नव्हती. घर कुळाने बांधले, जागा मालकाची राहिली. इंग्रज मजुराला बरे घर मिळाले, पण त्याचे त्या घरात काहीच नव्हते. मावळी कुळाला अल्पायुषी घर मिळाले, पण त्यातील प्रत्येक काठी त्याची होती. मिल्टन ॲबसची घरे आजही उभी आहेत आणि प्रवासी ती पाहावयास जातात. कुडाचे घर मोडले म्हणजे मागे जोते राहते, आणि कित्येकदा तेही राहत नाही. इतिहासाच्या साधनांत जमीनदारांच्या घरांची गर्दी आणि कुळांच्या घरांचा अभाव दिसतो, त्याचे एक कारण हेही आहे.

(८)

इमला कुळाचा असणे ही गोष्ट निष्फळ मात्र ठरली नाही. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम १६ ने असे ठरविले की जमीनमालकाच्या जागेवर कुळाने किंवा त्याच्या पूर्वाधिकाऱ्याने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून कुळास काढता येणार नाही. १९०८ च्या संहितेतील घर, सामान, जागा व लगतची जमीन ही शब्दावली येथे पुन्हा येते, परंतु ‘मालकी’च्या जागी आता ‘बांधणाऱ्याचा खर्च’ ही कसोटी आली. शिवाय घर कुळाच्या खर्चाने बांधलेले नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. कारवीच्या घराला पावती नसते. पुरावा कुळाने द्यावयाचा असता तर त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काहीच नव्हते. पुराव्याचे ओझे मालकाकडे गेल्यामुळे पावती नसणे हेच कुळाचे संरक्षण झाले. कलम १७ ने, मालक ती जागा विकू लागल्यास ती विकत घेण्याचा पहिला हक्क कुळाला दिला, आणि कलम १८ ने शेतमजूर व कारागीर यांच्या घरांनाही हे संरक्षण लागू केले. पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या तरतुदींनी कसणाऱ्याच्या जमिनीचा प्रश्न हाती घेतला.

अशा रीतीने १८८२ मध्ये ‘सामान’ या शब्दापासून निघालेला विचार १९४८ मध्ये ‘जागे’पर्यंत पोहोचला. या सहासष्ट वर्षांच्या प्रवासात कुळाचे घर जंगम वस्तूच्या पंक्तीतून उठून स्थावराच्या पंक्तीत बसले. तरीही हा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. ज्यांचे नाव कूळ म्हणून कोठे लागलेच नव्हते, ते बाहेर राहिले. परक्याच्या जमिनीवर वसलेल्या कातकरी वाड्यांचा प्रश्न सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस त्यानंतरही शिल्लक राहिला, आणि कारवीचा कूड तेथेच अधिक काळ टिकला. जागेची शाश्वती नसेल तेथे हलके घर टिकते, या विधानास यातून दुजोराच मिळतो.

स्वतंत्र भारताच्या घरकुल योजनांनी आणखी एक शब्दबदल घडवून आणला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत घरांची विभागणी ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ अशी झाली. कूड या शब्दात साहित्य आणि कारागिरी यांचे ज्ञान होते. ‘कच्चे’ या शब्दात केवळ उणीव आहे. पक्के घर मिळाल्याने कुटुंबाची पावसाळ्यातील दैना थांबली, हा लाभ लहान नव्हे. त्याबरोबरच मेढ, आढे, वासा, लिंपण हे शब्द वापरातून जाऊ लागले, हेही खरे.

(९)

वरील विवेचनातून निघणाऱ्या निष्कर्षाला एक मर्यादा घालणे अवश्य आहे. कारवीचे घर फक्त कुळाचेच असे, असे नाही. स्वतःची जमीन कसणारे मावळेही कुडाच्या घरांत राहत, आणि वाड्यांतील आतले आडोसेही कुडाचे असत. तेव्हा धारणेने हे साहित्य निर्माण केले नाही. ते डोंगराने आणि पावसाने दिले. धारणेने ठरविले ते इतकेच, की ऐपत आली असता कोणी त्यातून बाहेर पडावे आणि कोणी त्यातच राहावे. जागेची शाश्वती असलेल्याने पहिल्या चार पैशांत जोते घातले. ती नसलेल्याने ते घातले नाही, आणि त्यात त्याचा शहाणपणा होता.

भुकूम आज पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येते. शहराची वस्ती पौड रस्त्याने पश्चिमेकडे सरकत गेली तशी येथील शेतजमिनीचे भूखंड झाले. २०१३ मध्ये ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य घोषित झाल्यावर तेथील डोंगरावरील कारवी संरक्षित झाली. दुसरीकडे, माती, बांबू आणि कारवी यांची शेतघरे बांधण्याची आवड सुशिक्षित शहरवासीयांत निर्माण झाली आहे. ज्याच्या नावे जागेचा उतारा पक्का आहे तो आता हौसेने कूड घालतो, आणि ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या कूड घातला तो सिमेंटच्या भिंतीची आस धरतो. साहित्य तेच असले तरी त्याचा अर्थ पालटला आहे, कारण त्याखालच्या जागेचा मालक पालटला आहे. घराचा इतिहास लिहिताना भिंत कशाची होती, या प्रश्नाबरोबरच जागा कोणाची होती आणि इमला कोणाचा होता, हे दोन प्रश्नही विचारले पाहिजेत. मराठी भाषेने या तिन्ही गोष्टींसाठी निरनिराळे शब्द राखून ठेवले आहेत, त्यांचा उपयोग संशोधकांनी करून घ्यावा.